पोट भरलं, क्षमस्व!

भूक लागली हे सांगायला माणसाला शिकवावं लागत नाही. तान्हं मूल ते पहिल्याच दिवशी सांगतं, आणि तेही शेजारच्या बिऱ्हाडाला ऐकू जाईल अशा बेतानं. पोट भरलं हे सांगणं मात्र कसबाचं काम आहे. 'पुरे' म्हटलं तर वाढणारीला वाटतं, आपल्या आग्रहात काही कमी राहिलं. 'नको' म्हटलं तर भाजी बिघडली असा अर्थ निघतो. काहीच न बोलता ताट पुढे सरकवलं तर पुढची काही वर्षं घरातल्या प्रत्येक कार्यात त्या ताटाचा उल्लेख होत राहतो. या नाजूक प्रकरणाचा जगात सगळ्यात बारकाईनं विचार कोणी केला असेल तर तो जपान्यांनी. पोट भरणं ही साधी शारीरिक घटना, पण तिच्याभोवती त्यांनी वाक्यं, भांडी, झाकणं, नमस्कार आणि थोडीशी थापेबाजी असा सगळा सरंजाम उभा केला आहे.

पुण्यातल्या कुठल्याही जपानीच्या वर्गात जाऊन बसा, सुरुवातीच्या धड्यांतच दोन शब्द पदरात पडतात. जेवणाआधी 'इतादाकिमास' आणि जेवणानंतर 'गोचिसोसामा देश्ता'. जपानात शाळेतल्या मधल्या सुटीच्या जेवणाला पाळीवरचा मुलगा समोर उभा राहून हे म्हणतो आणि मागून अख्खा वर्ग ओरडतो. एकटा राहणारा माणूस रात्री दुकानातून आणलेला डबा संपवून भिंतीकडे बघत म्हणतो. राहत्या घराची भिंत काही उत्तर देत नाही, पण म्हटल्याशिवाय जेवण संपल्यासारखं वाटत नाही म्हणे.

गंमत अशी, की या 'गोचिसोसामा'त पोटाचा उल्लेखच नाही. तुम्ही माझ्यासाठी फार धावपळ केलीत, एवढंच त्यात म्हटलेलं आहे. लिहिताना त्यातल्या एका चित्राक्षरात घोडा असतो आणि दुसऱ्याचा अर्थच धावणं. म्हणजे खाणारा माणूस स्वतः किती खाल्लं त्याचा हिशेब देत नाही, करणाऱ्याचे किती पाय दुखले असतील त्याची पोच देतो. रामेनच्या लहानशा दुकानात हे फार छान दिसतं. पाट्यासारखी अरुंद फळी, तिच्यापुढे आठ-दहा उंच स्टुलं, पलीकडे वाफेत बुडालेला आचारी. गिऱ्हाईक शेवटचा घोट वाडग्यातूनच पितो, वाडगा उचलून वरच्या कठड्यावर ठेवतो, फडक्यानं आपल्यापुढची जागा पुसतो आणि आचाऱ्याच्या पाठीकडे बघून 'गोचिसोसामा' म्हणतो. आचारी वळत नाही. वळला तर शेवया जास्त शिजतील. पाठमोराच 'आरिगातो गोझाइमास' असं ओरडतो, आणि व्यवहार पुरा होतो. आपल्याकडे अशा वेळी 'किती झाले?' हा एकच प्रश्न असतो.

खरी कसोटी लागते ती कोणाच्या घरी. यजमानीण चमचा हातात घेऊन 'आणखी थोडं?' म्हणून उभी असते आणि पाहुण्याचं पोट गळ्यापर्यंत आलेलं असतं. अशा वेळी जपानी पाहुणा जे वाक्य काढतो, ते ऐकून कोणत्याही वकिलाला हेवा वाटावा. 'ओइशिकुते त्सुइ ताबेसुगिते शिमाइमाश्ता.' इतकं रुचकर होतं, की हातून नकळत जास्तच खाल्लं गेलं. पुढे खालच्या आवाजात, 'मो ओनाका गा इप्पाइ देस', आता पोट अगदी भरलंय. यात 'नको' कुठेही नाही. गुन्हा पोटाचा, चिथावणी स्वयंपाकाची, आणि बोलणारा बिचारा या दोघांच्या मधे सापडलेला साक्षीदार. आणखी वरच्या दर्जाचं हवं असेल तर 'मो जूबुन इतादाकिमाश्ता', भरपूर मिळालं. हे सासुरवाडीला, साहेबाच्या घरी किंवा घरभाडं थकलेलं असताना मालकाकडे वापरावं.

यावर यजमानीण काय म्हणते? 'ओसोमात्सुसामा देश्ता.' अगदीच सामान्य जेवण झालं हो. जेवायला बसवतानाही तिनं 'नानिमो आरिमासेन् गा' म्हटलेलं असतं: घरात काहीसुद्धा नाही, पण घ्या. हे 'काहीसुद्धा नाही' म्हणजे साशिमी, तेम्पुरा, तीन प्रकारची लोणची, वाफवलेल्या अंड्याचं काहीतरी नाजूक आणि झाकण लावलेले दोन वाडगे, ज्यांत काय आहे ते अजून कळायचं आहे. एक म्हणतो फार मोठी मेजवानी झाली, दुसरी म्हणते छे, काहीच नव्हतं. दोघंही खोटं बोलतात, दोघांनाही ते माहीत असतं, आणि दोघंही समाधानानं झोपायला जातात. 'काही विशेष नाही, साधंच केलंय' असं म्हणत पंचपक्वान्नं मांडणाऱ्या आपल्या लोकांना हे नवीन वाटायचं कारण नाही. फरक पुढेच आहे. जपानी यजमानीण पाहुण्याच्या 'पोट भरलं'वर विश्वास ठेवते. चमचा खाली ठेवते. हा प्रकार मराठी माणसाला पहिल्यांदा बघताना जरा धक्कादायकच वाटतो.

मात्र सगळंच इतकं सरळ असतं तर मग ते जपानी कसलं! 'केक्को देस' हे एक असंच वाक्य. 'केक्को' म्हणजे उत्तम आणि 'केक्को' म्हणजे आता नको. चहा ओतता ओतता यजमानानं विचारलं आणि तुम्ही 'केक्को देस' म्हणालात, तर तुम्ही चहाची तारीफ केलीत की किटली थांबवलीत, हे तुमच्या तळहातावर ठरतं. हात आडवा हलला तर नको, दोन्ही हात गुडघ्यांवर राहिले तर बहुधा छान. परदेशी माणसाच्या हातात नेमका त्याच वेळी कप असतो. तरुण पोरं हल्ली सरसकट 'दाइजोबु देस', सगळं ठीक आहे, एवढंच म्हणून नकार देतात. म्हातारी माणसं यावर चिडतात, ठीक आहे म्हणजे वाढू की नको, सांग ना धड! मला या भांडणात म्हाताऱ्यांची बाजू पटते.

साहेबानं जेवू घातलं तर पोट भरल्याचे आभार एकदा मानून भागत नाही. पैसे देऊन साहेब दुकानाच्या पडद्याखालून वाकून बाहेर येतो, तेव्हा हाताखालची मंडळी फुटपाथवर अर्धवर्तुळ करून उभी असतात आणि एका सुरात 'गोचिसोसामा देश्ता!' होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत पाऊल टाकताच पुन्हा, 'किनो वा गोचिसोसामा देश्ता', कालच्याबद्दल. मधे काही दिवस गेले आणि मग गाठ पडली तर 'सेन्जित्सु वा', परवाच्याबद्दल. जेवण केव्हाच पचून गेलेलं असतं, आभार शिल्लक असतात. हे विसरणारा माणूस फार पुढे जात नाही, असं जुने कर्मचारी सांगतात. आणि हाच शब्द भलत्याच ठिकाणीही उपयोगी पडतो. नवं लग्न झालेला मित्र बायकोचं कौतुक सांगायला लागला आणि थांबेचना, तर ऐकणारा हसून 'गोचिसोसामा' म्हणतो. झालं बाबा, पोट भरलं आमचं.

शब्दांनी जिथे काम भागत नाही, तिथे जपानी माणूस भांड्यांकडून बोलवून घेतो. आपल्या पेल्यात आपण बिअर ओतून घ्यायची नाही, शेजाऱ्यानं ओतायची, हा तिथला रिवाज. पेला अर्ध्यावर आला की शेजारी बाटली घेऊन तयारच. ज्याला आणखी नको असेल त्यानं तोंडानं काही बोलायचं कारण नाही. पेला काठोकाठ भरलेला ठेवून द्यायचा आणि त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. भाताचं उलटं आहे. जुन्या शिस्तीच्या घरात वाडग्यात घासभर भात ठेवून वाडगा पुढे केला तर आणखी हवा. शेवटचं शीत टिपून वाडगा लख्ख केला तर झालं. एका शितात सात देव राहतात असं आजी सांगते. तांदळाचं चित्राक्षर सुटं केलं की अठ्ठ्याऐंशी हा आकडा निघतो, आणि शेतकऱ्याला अठ्ठ्याऐंशी तऱ्हेचे कष्ट पडतात असं आजोबा सांगतात. देव आणि आकडेशास्त्र दोन्ही अंगावर आल्यावर शीत टाकायची कोणाची छाती आहे? चहाच्या पूर्ण समारंभात जे जेवण असतं, त्यात तर कडी आहे. यजमान आत, पाहुणे बाहेर. सगळ्यांचं जेवण उरकलं, गरम पाणी घालून वाडगे स्वच्छ झाले, ते पाणीही पिऊन झालं, की सगळे पाहुणे एकाच क्षणी चॉपस्टिक्स ताटाच्या काठावरून आत सोडतात. एकच 'टक्'. आतला यजमान समजतो, पोटं भरली. या 'टक्'साठी किती सराव करावा लागत असेल ते मंगलाष्टकांना एका वेळी अक्षता टाकायचा प्रयत्न केलेल्या माणसाला विचारा.

इझाकाया म्हणजे दारू आणि खाण्याच्या बशा एकत्र मिळायची जागा. तिथे चार जणांनी मिळून कोंबडीच्या तळलेल्या तुकड्यांची, कारागेची, बशी मागवली आणि तुकडे पाच आले, की संध्याकाळ नासलीच म्हणून समजा. चार तुकडे कसे गेले कोणाला कळत नाही. पाचवा उरतो. लिंबाची फोड, कोबीचे तीन धागे आणि तो. गप्पा चालू असतात, पण आठही डोळे हळूहळू तिकडे वळून परत येतात. वाढणारी मुलगी येते, बशी उचलू का विचारते, सगळे दचकून 'अं, राहू दे' म्हणतात. एक जण दुसऱ्याला 'घ्या ना' म्हणतो, दुसरा 'छे छे, माझं पोट भरलं' म्हणतो. ताशी दीडशे किलोमीटर वेगानं जाईल अशी भूक त्याच्या चेहऱ्यावर दिसत असते. कारागे थंड होतो. त्याच्यावरचं तेल पांढुरकं होतं. ओसाकाकडच्या लोकांनी या तुकड्याला नाव दिलं आहे, 'एन्र्यो नो कातामारि', संकोचाचा गोळा. पार दक्षिणेला कुमामोतोत त्याच प्रकाराला 'हिगो नो इच्चो नोकोशि' म्हणतात. हिगो हे त्या मुलखाचं जुनं नाव, म्हणजे हिगोच्या लोकांची शेवटचा एक ठेवायची खोड. नाव असण्याचा फायदा असा, की ओसाकाचा एखादा धीट गडी 'हा संकोचाचा गोळा मी खाऊ का?' असं विचारून मोकळा होतो. बाकीचे तिघं सुटकेचा श्वास टाकतात आणि त्याच्यावर आयुष्यभर थोडे नाराज राहतात.

या सगळ्या संयमाचा राग कुठेतरी निघायला हवा होता. तो उत्तरेकडच्या इवाते प्रांतात, मोरिओका आणि हानामाकी या गावांत निघाला. तिथे 'वान्को सोबा' खायला बसतात. तुमच्या हातात एक लहान झाकणाचं वाडगं. शेजारी कमरेला फडकं बांधलेली बाई, तिच्या तबकात घासभर सोबा शेवयांच्या पुष्कळ वाट्या. ती एक वाटी तुमच्या वाडग्यात उपडी करते, तुम्ही गिळता, गिळून होतं न होतं तोच दुसरी. 'हाइ, दोन्-दोन्! हाइ, जान्-जान्!' असा तिचा गजर चाललेला. त्याचा अर्थ भराभर चालू द्या, पण मराठी कानाला वाटतं बाई आता दोन-दोन वाढणार, आणि एकंदर वेग बघता तसं वाटण्यात काही गैर नाही. पंधरा-एक वाट्या झाल्या की नेहमीच्या एका वाडग्याएवढ्या शेवया पोटात जातात. तिथे कोणी थांबत नाही. काही दुकानांत शंभर वाट्या खाणाऱ्याला कौतुकाची पाटी देतात, ती घरी टांगायची असते.

पण थांबायचं कसं? इथे 'ओनाका इप्पाइ' चालत नाही, 'केक्को देस' चालत नाही, हात जोडून चालत नाही. वाडगं रिकामं करून त्यावर झाकण घालायचं, हा एकच मार्ग. आणि बाईंचं सगळं कसब तुम्हाला ते घालू न देण्यात. तुम्ही शेवटचा घास गिळत एका हातानं झाकण आणता, तेवढ्यात तिकडून वाटी आलेली असते. घातलेलं खाल्ल्याशिवाय झाकण लावता येत नाही. पुन्हा गिळा, पुन्हा झाकण, पुन्हा वाटी. माणूस आधी वाडगं छातीशी धरतो, मग पाठ फिरवतो, मग झाकण अर्धं लावूनच फटीतून खायला बघतो. बाई खांद्यावरून वाढते. शांत, मितभाषी, रांगेत उभं राहणाऱ्या जपानात हे चालतं, हे कळल्यावर मला त्या देशाबद्दल फारच जिव्हाळा वाटायला लागला. कोल्हापूरच्या कुठल्याही मावशीला इवातेत उद्या नोकरी मिळेल. प्रशिक्षणाची गरज नाही, फक्त 'दोन्-दोन्' तेवढं शिकवावं लागेल.

या टोकावरून दुसऱ्या टोकाला जायचं तर क्योतोला जावं. हजारेक वर्षं राजधानी असलेलं गाव, त्यामुळे तिथे कोणी कोणाला सरळ काही सांगत नाही. क्योतोच्या घरी गप्पा रंगल्या आणि यजमानानं 'बुबुझुके तरी घेता का?' असं विचारलं, तर उठावं आणि चपला शोधाव्यात, असं बाकीचा जपान मानतो. बुबुझुके म्हणजे भातावर गरम चहा ओतून केलेला साधा पदार्थ. तो देण्याचा यजमानाचा विचार नसतो. तुमची वेळ झाली एवढंच सुचवायचं असतं. यावर पाहुण्यानं पोट भरलेलं असो नसो, भरलंय असं जाहीर करून निघायचं. क्योतोचे लोक शपथेवर सांगतात, की असं कोणी कधी म्हणत नाही, ही आमची निव्वळ बदनामी आहे. पण क्योतोचा माणूस 'नाही' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय, हा पुन्हा वेगळाच विषय. पुण्यातल्या वाचकांना हे अधिक फोड करून सांगायला नको.

यावर राकुगोतली एक जुनी गोष्ट आहे. राकुगो म्हणजे उशीवर बसून, हातात पंखा घेऊन एकट्यानं सांगायच्या विनोदी कथा. 'क्यो नो चाझुके' ही त्यातली ओसाकाकडची. ओसाकाचा एक इरसाल माणूस ठरवतो, की क्योतोचा तो नुसता विचारायचा चहाभात एकदा खाऊनच यायचा. एका ओळखीच्याच्या घरी जातो. मालक बाहेर गेलेला, घरात बायको. हा बसतो, बसतो, काही केल्या ती विचारत नाही. शेवटी कंटाळून उठतो आणि दारापर्यंत जातो, तेव्हा तिच्या तोंडून सवयीनं निघून जातं, काही नाही हो घरात, पण चहाभात तरी... हा झटकन मागे फिरून बैठक मारतो. पेटीत भात तळाशी राहिलेला. बिचारी खरवडून खरवडून एक वाडगं भरते, चहा ओतते आणि देते. हा ते फस्त करतो. आता आणखी हवाय, पण मागायचा कसा? ती तर पाठ करून बसली आहे. मग तो रिकामं वाडगं तिच्या नाकापुढे धरून म्हणतो, काय सुंदर वाडगं आहे हो, कुठून घेतलंत? ती तेवढ्याच गोडीनं भाताची रिकामी पेटी त्याच्यापुढे तिरकी करून दाखवते, ही पेटी घेतली ना, त्याच दुकानातून. मागणं झालं, नकार झाला, आणि दोघांनीही एक उणा शब्द काढला नाही.

पण म्हणून घराघरांत चोवीस तास एवढी नजाकत चालते असं समजू नये. मुळीच नाही. घरी, चड्डी-बनियनमध्ये, बायको-मुलांसमोर जपानी बाप जेवण झाल्यावर मागे रेलतो, पोटावर थाप मारतो आणि म्हणतो, 'आऽ, कुत्ता कुत्ता!' घाबरायचं कारण नाही. 'खाल्लं बुवा, खाल्लं' एवढाच त्याचा अर्थ. हा पुरुषी, रांगडा प्रयोग आहे, पाहुण्यांसमोर करायचा नाही. भारतीय पाहुण्यांसमोर तर नाहीच. पोटावर थाप मारण्याला जपान्यांकडे परंपरा आहे. भरल्या पोटाचा ढोल वाजवणारा तानुकी नावाचा रानटी प्राणी त्यांच्या लोककथांत असतो आणि शिगाराकी गावच्या मातीचे गरगरीत पोटाचे तानुकी खानावळींच्या दाराशी उभे असतात. शेवया ओढताना सुर्रकन आवाज केलेला त्यांना चालतो. ढेकर मात्र अजिबात नाही. आपल्या एखाद्या काकांनी तोक्योत जेवल्यावर दिलेली तृप्तीची दीर्घ ढेकर ही यजमानांना दाद न वाटता अपघात वाटते.

जेवून लगेच आडवं व्हायचीही सोय नाही. जेवून लगेच झोपला तर गाय होशील, असं तिथल्या प्रत्येक मुलाला सांगतात. हे ऐकून वामकुक्षीच्या भक्तांनी नाराज होऊ नये, कारण त्याच लोकांची दुसरी म्हण आहे, आई-बाप वारले तरी जेवणानंतरची विश्रांती सोडू नये. दोन्ही म्हणी पाठ ठेवाव्यात आणि सोईप्रमाणे काढाव्यात.

मुळात इतकं पोट भरावंच कशाला, असा प्रश्न त्यांच्यातल्या शहाण्यांनाही पडला होता. 'हारा हाचिबुनमे', दहातले आठ भाग पोट भरलं की थांब, हा उपदेश आता ओकिनावाच्या दीर्घायुषी म्हाताऱ्यांमुळे जगभर गाजतो आहे. फुकुओका संस्थानातले विद्वान काइबारा एकिकेन यांनी १७१३ साली 'योजोकुन' हा आरोग्यावरचा ग्रंथ लिहिला, त्यातही खाणं-पिणं मर्यादेत ठेवा हाच घोष आहे. लिहिताना त्यांनी ऐंशी ओलांडली होती, त्यामुळे उलट बोलायची कोणाची टाप नव्हती. आपला आयुर्वेदातला वाग्भट तर त्यांच्याही पुढचा. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्याला मोकळा ठेवा, असं तो सांगतो. म्हणजे जपान्यांपेक्षा पाच टक्के कमीच. अडचण एवढीच आहे, की ऐंशी टक्के भरलं हे नेमकं केव्हा कळतं? शंभर झाल्यावर. आणि तेव्हा समोर ओसाका असतं. 'कुइदाओरे', खाऊन खाऊन दिवाळं निघणं, हे बिरुद ते शहर अभिमानानं मिरवतं. त्याच नावाचं उपाहारगृह दोतोन्बोरीत १९४९ पासून २००८ पर्यंत चाललं. ते बंद झालं, पण त्याच्या दाराशी ढोल बडवणारा पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतला विदूषक अजून तिथेच जवळ उभा राहून ढोल बडवतो आहे. आणि समजा एखाद्यानं एकिकेन यांचं स्मरण करून ऐंशीवर चॉपस्टिक्स ठेवल्याच, तर तेवढ्यात केक येतो. मग 'बेत्सुबारा' निघतं. गोडासाठी वेगळं पोट! जेवणाचं पोट भरलं, या दुसऱ्या पोटाबद्दल एकिकेन यांनी काही लिहिलेलं नाही.

हे सगळं शास्त्र घेऊन एक जपानी साहेब पुण्यात आले, चाकणच्या एका कारखान्यात. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा त्यांच्या हाताखाली. होळीला काकूंनी त्यांना जेवायला बोलावलं. साहेब मांडी घालून बसले, हात जोडून 'इतादाकिमास' म्हणाले, काकू म्हणाल्या, किती संस्कारी आहेत हो. साहेबांनी पुरणपोळी खाल्ली, कटाची आमटी प्यायली, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, वरणभात, कुरडई. शेवटी बोटानं तुपाचा थेंबही टिपला. ताट धुतल्यासारखं. त्यांच्या हिशेबानं ही पूर्णविरामाची खूण होती. काकूंनी ते रिकामं ताट बघितलं आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. पोळी आली. वर तूप आलं. साहेबांनी मान लववली, तीही संपवली, ताट पुन्हा लख्ख केलं. पोळी आली. दोन संस्कृती एकमेकींचा असा अत्यंत आदर करत असताना साहेबांची कॉलर घट्ट होत चालली.

साहेब तयारीनं आले होते. मराठीची तीन वाक्यं त्यांनी पाठ केली होती आणि त्यातलं एक याच वेळेसाठी होतं. पण जपानी जिभेला 'ट' जमत नाही. 'पोतो भरला,' ते म्हणाले.

"पोतं भरलं म्हणतायत," काका म्हणाले.

"पोतं कसलं, एवढीशी तर पोळी आहे!" काकू म्हणाल्या आणि भात घेऊन आल्या.

तेव्हा साहेबांचा धीर सुटला. ताटावर दोन्ही हात आडवे धरून ते आपल्या मातृभाषेत शिरले. "ओनाका! ओनाका..."

काकू थबकल्या. "अगंबाई, 'ओ, नका' म्हणतायत! मराठी येतं की यांना!" आणि मग, ओळखीच्या भाषेत शिरल्यामुळे अधिकच मोकळेपणानं, "नका काय नका? लाजू नका बरं. हात बाजूला घ्या आधी. मसालेभात राहिलाय."

साहेब गेले तेव्हा लिफ्टपर्यंत चालतानाही ते जरा मागे रेलून चालत होते. सकाळी त्यांनी मुलाच्या हाती निरोप पाठवला, कालबद्दल गोचिसोसामा देश्ता. काकूंना बरं वाटलं. दोन दिवसांनी मुलाला सोडायला आले तर खालूनच वाकून पुन्हा तेच. मग सोसायटीच्या सत्यनारायणाला भेटले, तर कमरेत वाकून, 'सेन्जित्सु वा गोचिसोसामा देश्ता.'

"आता काय म्हणतायत?" काकूंनी विचारलं.

"परवाच्या जेवणाबद्दल आभार मानतायत," मुलगा म्हणाला.

"अजून?" काकूंचा आवाज एकदम भरून आला. "किती वेळा आठवण काढतोय बिचारा. घरापासून लांब, धड पोटभर मिळत नसणार कुठे. तू त्यांना सांग, येत्या रविवारी श्रीखंड-पुरी करतेय. आणि म्हणावं, त्या दिवशीसारखं लाजायचं नाही."